ताम्हिणी उतरल्यावर आलेला जळका वास

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जाताना गाडीत जळका वास येऊ लागला, तेव्हा माझा पहिला संशय क्लचवर गेला. अर्धवट क्लच दाबून गाडी चालवण्याची माझी सवय जुनी आहे आणि घरच्यांनी ती लगेच बोलून दाखवलीच. परंतु क्लचचा वास बहुधा चढावर येतो आणि गाडीला थोडी विश्रांती दिली की ओसरतो; हा मात्र सपाट रस्त्यावरही वाढत होता. वितळलेल्या वायरीचा किंवा गरम भागावर ठिबकणाऱ्या ऑइलचा वासही तो नव्हता. गाडी बाजूला घेऊन चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, तळवा धरून पाहिला, तेव्हा पुढच्या डाव्या चाकातून तव्यासारखी धग येत होती. गाडी मघापासून डावीकडे का ओढत होती, याचाही उलगडा झाला.

चाकावर पाणी ओतण्याचा सल्ला एका वाटसरूने दिला, पण पाण्याने ब्रेकची तापलेली डिस्क (चाकासोबत फिरणारी धातूची चकती) वाकू शकते, म्हणून ते आपोआप थंड होऊ दिले आणि मग सावकाश माणगाव गाठले. मेकॅनिकने चाक काढले असता कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजून अडकलेल्या दिसल्या, त्यामुळे पाय काढल्यावरही ब्रेक पॅड डिस्कला घासतच राहत होते. त्याने पिना घासून साफ केल्या, उष्णता सोसणारे ग्रीस लावले, पिनांवरची फाटलेली रबरी आवरणे (बूट) बदलली आणि पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड नवे बसवले, कारण एकाच बाजूचे बदलल्यास ब्रेक असमान लागतो.

परतताना दोनदा थांबून तपासले. पुढची दोन्ही चाके सारखीच कोमट होती.