वाळूत कसली पाखरं?

"एवढं डिझेल जाळून राजस्थानच्या वाळूत पाखरं बघायला जातासा? आपल्या राधानगरीत काय न्हाईत व्हय?" गळ्यात दुर्बीण अडकवून कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर गेलं की कुणीतरी हटकतंच. तिथं मी हसून वेळ मारून नेतो. आता तुम्ही निवांत विचारलंत म्हणून सांगतो.

राधानगरीत आहेत की, भरपूर आहेत. पण दाजीपूरच्या जंगलात पाखरू आधी कानाला सापडतं, डोळ्याला सापडलं तर नशीब. शीळकरी कस्तूर ओढ्याकाठी मनसोक्त शीळ घालतो आणि आपण मान वर करून पानं मोजत बसतो. जैसलमेरकडं सगळं उलटं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खुरटं गवत, मधूनच एखादी खेजडी (म्हणजे शमीच, दसऱ्याला पुजतात ती), बाकी नजर अडवायला काही नाही. माणूस पायउतार झाला की पक्षी उडतात, गाडीला मात्र फारसे बुजत नाहीत. त्यामुळं इंजिन बंद, काच खाली आणि गप्प बसायचं. डिझेल जळतं ते यासाठी.

पण खरं कारण माळढोक, उघड्या गवताळ माळावरचा मोठा पक्षी. तो मुळात आपल्याही माळांवरचा. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. तिथं मला काळवीट दिसले, माळढोक नाही. आता जगात जेमतेम शे-दीडशे उरलेत, त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. मग जायचं कुठं? जैसलमेरजवळच्या सम-सुदासरीकडं.

तिथं लांब गवतात पांढरी मान दिसली, तेव्हा आधी मला बकरीच वाटली. नर असला की उंची मीटरभर, वजन पंधरा किलोपर्यंत. चाल मात्र सावकाश, गावच्या पाटलानं बांधावरून फेरी मारावी तशी. उडाला की काळजी लागते. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही. विजेची तार जवळ आल्यावर कळते आणि एवढ्या जड अंगाला ऐनवेळी वळता येत नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळं एक पक्षी गेला तरी भरून निघत नाही. त्याच माळावर पवनचक्क्या आणि सौरऊर्जेचे प्रकल्प उभे राहिलेत, म्हणून तारा वाढल्यात. त्या जमिनीखाली घाला, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश शिथिल केला. वीज हवीच, हे मलाही पटतं. पण माळ म्हणजे रिकामी जागा, असं धरून चालण्याची सवय आपल्याकडंही आहे.

फलोदीजवळच्या खीचनला जरूर थांबा. थंडीत तिथं कुरजां येतात, मंगोलिया-मध्य आशियातून आलेले करडे, छोटे क्रौंच. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे घालतात. त्यासाठी कुंपण घातलेलं 'चुग्गाघर' आहे. २०२५ मध्ये खीचनला रामसर (महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय) दर्जाही मिळाला. हजारो पक्षी एकदम ओरडत उतरतात तेव्हा शेजारच्याशी बोलता येत नाही.

बिकानेरजवळचं जोडबीड सगळ्यांना झेपत नाही. मेलेली गुरं आणि उंट तिथं आणून टाकतात, त्यावर गिधाडं आणि स्टेप गरुड तुटून पडतात. वाऱ्याची दिशा बघून गाडी लावा. आमच्या गाडीतल्या एकानं त्या दिवशी जेवण सोडलं होतं. मला विचाराल तर गरुड इतक्या जवळून दुसरीकडं बघायला मिळणं अवघडच.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे थंडी कडाक्याची असते, स्वेटर घ्या. पाण्याचा कॅन भरलेला ठेवा, पंक्चरचं सामान घ्या. आणि भडंग जरा जास्तच बांधून घ्या, रोज दालबाटी खाणं आपल्या माणसाला जमत नाही.