आमच्या ह्यांचं कुलूप

आज उपासनेला परत उशीर. कारण एकच, आमचे हे! दार लावलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं, मग गॅस बंद आहे का बघायला पुन्हा आत. मी स्कूटरजवळ उभी. हातात बायबल आणि मनात काय चाललेलं ते न सांगितलेलं बरं.

पाळकसाहेबांनी नेमका फिलिप्पैकरांस पत्राचा 4 था अध्याय काढला, 8 वं वचन. जे सत्य, जे आदरणीय, त्याचं मनन करा. प्रेषित पौलानं हे पत्र लिहिलं ते बंदिवासातून. आणि मी पंधरा मिनिटांसाठी धुमसत बसलेली.

दुपारी आईला गोकाकच्या बसमध्ये बसवायला बेळगाव स्टँडवर गेलो. आई चंदगडची, कन्नडचं एक अक्षर वाचता येत नाही. ह्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. वर कन्नडमध्ये ठळक 'गोकाक', खाली तेच मराठीत, शेवटी मावशीचा नंबर. कधी लिहिली कुणास ठाऊक. आईला मळमळतं म्हणून खिडकीची सीट धरली, हातात आवळासुपारी दिली, कंडक्टरला कन्नडमध्ये दोनदा बजावलं. खाली उतरले आणि पुन्हा वर चढले, पिशवी नीट ठेवली का बघायला.

कुलूप ओढून बघायची तीच खोड की ही! लग्नाला 11 वर्षं झाली, मला आज दिसली.

आई खिडकीतून म्हणाली, "जावईबापू, जावा आता, भिजाल." मी काहीच बोलले नाही. येताना पाव किलो कुंदा मात्र माझ्या पैशानं घेतला.

घरी आल्यावर किल्ली सापडेना. ह्यांच्याच खिशात होती.