‘होतं’ आलं की ‘हॅड’ लावायची माझी सवय

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात परदेशातल्या एका सहकाऱ्याने फोनवर विचारलं, “डिड यू सेंड द फाइल?” मी म्हणाले, “येस, आय हॅड सेंट इट यस्टरडे.” पलीकडे शांतता. मग काळजीच्या सुरात प्रश्न आला, “अँड देन? डिड समथिंग गो राँग?” मी तर सरळ सांगत होते, की काल पाठवली होती. मग बिघडलं काय असेल, हे त्याने कशावरून विचारलं?

शाळेत काळांचा तक्ता माझा पाठ होता. ‘हॅड’ अधिक क्रियापदाचं तिसरं रूप म्हणजे पूर्ण भूतकाळ, हे झोपेतही सांगितलं असतं. गाळलेल्या जागा भरताना मी चुकत नव्हते. चूक व्हायची ती बोलताना आणि मेल लिहिताना, कारण तेव्हा वाक्य आधी मराठीत तयार व्हायचं. मराठीत ‘होतं’ आलं, की इंग्रजीत ‘हॅड’ आपोआप बाहेर पडायचं.

मी माझे पाठवलेले जुने मेल उघडले आणि प्रत्येक ‘हॅड’पाशी थांबून एकच प्रश्न विचारला: कशाच्या आधी? बहुतेक ठिकाणी उत्तर नव्हतं. ‘आय हॅड कॉल्ड यू ऑन मंडे’, ‘वी हॅड मेट लास्ट वीक’. कशाच्या आधी फोन केला, कशाच्या आधी भेटलो? कशाच्याच नाही. तिथे नुसतं ‘आय कॉल्ड’, ‘वी मेट’ पुरेसं होतं.

मग लक्षात आलं, की दोन्ही भाषांचा कल इथे अगदी उलटा आहे. “काल मी बँकेत गेले” एवढंच म्हटलं तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो: बरं, मग? “काल मी बँकेत गेले होते” म्हटलं की गोष्ट पुरी होते, गेले आणि आले. इंग्रजीत “आय वेंट टू द बँक यस्टरडे” हे पुरं वाक्य आहे, आणि “आय हॅड गॉन टू द बँक” ऐकलं की समोरचा पुढच्या घटनेसाठी कान टवकारतो. त्या दिवशी फोनवर तेच झालं होतं. मी गोष्ट संपवली होती, त्याच्या लेखी ती अर्धीच होती.

‘हॅड’ला भूतकाळातला दुसरा एखादा क्षण लागतो, ज्याच्या आधी काहीतरी होऊन गेलं. मला हे पटलं ते स्टेशनच्या वाक्याने. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे मी पोचले तेव्हा फलाट रिकामा होता. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे मी पोचले आणि गाडी सुटली, बहुधा माझ्या डोळ्यांदेखत. गाडी मला दिसली की नाही, हे एवढासा ‘हॅड’ ठरवतो! ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ने क्रम आधीच स्पष्ट झाला असेल, तर तो गाळला तरी चालतो.

‘हॅव’ची खोड वेगळी. ‘मेल पाठवलाय’ला ‘आय हॅव सेंट द मेल’ छान जुळतं. पण मराठीत ‘कालच पाठवलाय’ बिनदिक्कत चालतं आणि इंग्रजीत ‘हॅव सेंट’शेजारी ‘यस्टरडे’ बसत नाही. वेळ सांगितली की ‘हॅव’ काढायचा, हा नियम मी कागदावर लिहून स्क्रीनखाली चिकटवला. नंतर अमेरिकन सहकारी ‘डिड यू ईट यट?’ म्हणताना ऐकले, जिथे ब्रिटिश सहसा ‘हॅव यू ईटन?’ म्हणतात. तेव्हा थोडा गोंधळ उडाला, पण दोन्ही बरोबर आहेत.

‘डिडन्ट वेंट’ही माझ्या तोंडात होतं. ‘गेले नाही’मध्ये आपलं क्रियापद भूतकाळातच राहतं, ‘नाही’ नुसतं मागे येऊन बसतं. इंग्रजीत भूतकाळाची खूण ‘डिड’ उचलतो आणि क्रियापद मूळ रूपात परततं: ‘डिडन्ट गो’. खूण एकदाच. हे कळलं तरी जिभेला वळण लागायला दोन महिने गेले.

अनियमित क्रियापदांची यादी वर्णानुक्रमे पाठ करणं मी सोडलं आणि आवाजाप्रमाणे गट केले. सिंग, सँग, संग. रिंग, रँग, रंग. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. कट, पुट, हिट यांचं काहीच बदलत नाही. ‘रीड’ लिहायला तेच, वाचताना मात्र ‘रेड’. ‘वेंट’ मुळात ‘गो’चं नव्हेच, ‘वेंड’ या दुसऱ्या क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे, हे वाचल्यापासून त्याच्यावरचा माझा राग गेला. नियमित क्रियापदांच्या शेवटचा ‘ईडी’ही तीन तऱ्हांनी उच्चारतात: ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वाँटिड’. मी कितीतरी वर्षं ‘वॉकेड’ म्हणत होते.

सगळंच अवघड होतं असं नाही. ‘वाचत होते’ला ‘वॉज रीडिंग’ नेमकं बसतं, फक्त ‘माहीत होतं’चं ‘वॉज नोइंग’ करायचं नाही, साधं ‘न्यू’. ‘जायचे’, ‘करायचे’ या आपल्या रीती भूतकाळाला ‘यूज्ड टू’ जवळजवळ तसाच्या तसा भेटतो. मराठीतली एक अडचण तर इंग्रजीत नाहीच: आपण पुस्तक वाचलं, गोष्ट वाचली, लेख वाचला म्हणतो. तिथे ‘वॉज’ आणि ‘वेअर’ सोडले तर भूतकाळी रूप कर्ता बघत नाही, कर्मही बघत नाही.

आता रोज रात्री दिवसभराबद्दल पाच वाक्यं इंग्रजीत लिहिते आणि मोठ्याने वाचते. ‘हॅड’ आठवड्यातून एखाद्या वेळीच लागतो. एक मात्र अजून निसटतं. मीटिंगला कुणी बोलावलं, की आपण खुर्चीतून उठायच्या आधीच ‘आलेच!’ म्हणतो, तेही भूतकाळात. परवा माझ्या तोंडून ‘आय केम’ निघालं, आणि दारापर्यंत जाताना मी ते ‘आयम कमिंग’ असं दुरुस्त केलं.