दुर्बीण म्हसावदला राहिली

रविवार, रात्री साडेनऊ. शहादा.

रानपिंगळा हे छोटं घुबड बघायला निघालेल्या आम्हा तिघांना सागाच्या जंगलाशी सोडून जीप वर तोरणमाळकडे निघून गेली. दुपारी दोनला याच वळणावर यायचं ठरलं होतं. धुळीचा लोट खाली बसला आणि मामांनी गळ्याशी हात नेला, मग माझ्याकडे बघितलं. "दुर्बीन कोठे शे?"

पिशव्या मोजल्या. पाण्याच्या बाटल्या होत्या, भाकरीचं गाठोडं होतं, वही, टॉर्च, मामांची कानटोपी, सगळं होतं. काळी पिशवी तेवढी नव्हती. भाच्याचा कॅमेराही तिच्यातच होता. म्हसावदला चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हरला कुणाची तरी दोन पोती टपावर चढवायची होती. त्यासाठी आमचं सामान उतरवून टपरीच्या बाकड्यावर ठेवलं आणि अंधारातच पुन्हा वर टाकलं. काळी पिशवी, काळोख, बाकड्याखालची सावली. ती तिथंच राहिली असणार हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं.

भाचा एका उंच दगडावर चढला, मोबाईल हवेत धरला, कसाबसा एक दांडा रेंजचा मिळाला. म्हसावदच्या मित्राला फोन लावला. तो टपरीवर जाऊन परत फोन करेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं मामा एक शब्द बोलले नाहीत. ती आठ बाय बेचाळीसची दुर्बीण त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली आहे. घरात देवघराशेजारच्या फळीवर तिची जागा आहे आणि तिला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही. फोन आला: पिशवी आहे, टपरीवाल्याने उचलून आत ठेवली आहे, संध्याकाळपर्यंत तो तिथंच आहे. मामांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "जाऊ दे माय. आपला डोया शेतस ना."

परत जायला वाहन नव्हतं. आणि सूर्य वर यायला लागला होता. आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो त्या पक्ष्याला बघायची हीच वेळ. थंडीच्या दिवसांत रानपिंगळा सकाळी सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर उन्हाला येऊन बसतो. बाकीच्या घुबडांसारखा तो दिवसा दडून राहत नाही, उजेडात शिकार करतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, किडे. ऊन तापलं की मात्र पानाआड जातो.

मामांच्या आजोबांकडे परवान्याची बंदूक होती. शिकारबंदी येण्याआधीची, म्हणजे १९७२ च्या कायद्याच्या बरीच आधीची गोष्ट. मामांनी ती चालता चालता सांगितली. एकदा सगळी मंडळी बैलगाडीने सातपुड्याच्या पायथ्याशी पोचली, आणि काडतुसांचा पट्टा घरी खुंटीला. बंदूक खांद्यावर आहे आणि घालायला काही नाही. त्यांनी झाडाखाली भाकरी खाल्ली आणि गाडी उलटी वळवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. मला ते ऐकून बरं वाटलं, कारण आमच्याकडे अजून अख्खी सकाळ होती आणि जंगल समोर होतं.

नेमकी जागा इथे लिहीत नाही. का ते पुढे येईलच.

माघातला साग म्हणजे पायाखाली नुसता आवाज. पानं झडून एवढी साचलेली असतात की पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखं होतं आणि शंभर पावलांवरचं जनावर सावध होतं. त्यामुळे आम्ही एका सुक्या नाल्याच्या वाळूत उतरलो. वाळूत चालता येतं. नाल्याच्या काठाला पळस होते, त्यांच्या कळ्या अजून काळपट, मखमली, मिटलेल्या. फुलायला होळी जवळ यावी लागेल.

दुर्बीण गळ्यात असली की मी हलणारी प्रत्येक पाकोळी तिच्यातून बघते. आज ते शक्य नव्हतं, म्हणून बसून राहिलो. मामांनी डोळे मिटून घेतले. त्यांना कानाने ओळखता येतं. ठिपकेवाला पिंगळा, म्हणजे आपल्या गावातल्या चिंचेवर, जुन्या वाड्याच्या भिंतीत राहणारा, चिरकतो, कलकलाट करतो, दोघं मिळून भांडल्यासारखे ओरडतात. रानपिंगळ्याचा आवाज त्यापेक्षा गोल, मऊ. आम्हाला आधी कुठलाच ऐकू आला नाही. कोतवाल पक्ष्याचा मात्र ऐकू आला. एका जागी दोन कोतवाल आणि बरेचसे छोटे पक्षी चिडून गोळा झाले होते, खालीवर झेपा घेत होते. छोटे पक्षी असे एखाद्या झाडाभोवती जमले की आत घुबड, शिक्रा नाहीतर साप आहे असं धरून चालावं. मामांनी डोळे उघडले आणि बोट केलं.

शेंड्याजवळच्या उघड्या फांदीवर तो बसला होता. साळुंकीहून थोडा मोठा, आखूड शेपटीचा, डोकं मोठं, मान जवळजवळ नाहीच. ऊन त्याच्या मागून येत होतं. छाती गडद दिसली. कोतवाल डोक्यावरून गेला की तो शेपूट बाजूला झटकत होता, डावी-उजवी, भरभर. मी ते नीट बघितलं, दोनदा तीनदा बघितलं. त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग तो उडाला, खाली, दरीच्या बाजूला.

भाच्याने मोबाईलवर झूम करून फोटो काढले होते. सगळ्यांत चांगल्या फोटोत फांदी आहे आणि फांदीवर एक तपकिरी डाग आहे.

"आत्या, रानपिंगळाच होता ना? शेपूट हलवत होता. छाती काळपट होती."

मामा म्हणाले, "मलेबी तसंच वाटस."

मलाही तसंच वाटत होतं. अजूनही वाटतं. पण मी काय बघितलं आणि काय बघितलं नाही, ते इथे वेगळं लिहिते. डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत ते दिसलं नाही. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, आणि दोघांत फरक करायची ही पहिली खूण आहे. पोट दिसलं नाही. रानपिंगळ्याचं पोट मधोमध स्वच्छ पांढरं, ठिपकेवाल्याचं तपकिरी खुणांनी भरलेलं. पंखांवरचे जाड पांढरे पट्टे दिसले नाहीत, कारण तो पाठीमागच्या उन्हात काळाच दिसत होता, आणि त्याच कारणाने गडद छातीवरही भरवसा ठेवता येत नाही. शेपटीचा झटका हीच काय ती जमेची बाजू. तेवढ्यावर नाव लिहायचं नाही असं मी ठरवलं.

भाकरी सोडल्या तेव्हा यावरून बराच वेळ बोलणं झालं. दादर ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, कांदा. ढोरं घेऊन आलेले एक म्हातारे पावरा आदिवासी बाबा आमच्याजवळ येऊन बसले, त्यांनीही भाकरी घेतली. भाच्याने त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं की घराजवळच्या झाडावरचा वेगळा आणि जंगलातला वेगळा. घराजवळचा रात्री ओरडून झोप मोडतो. जंगलातला दिवसाच बसलेला असतो, या नाल्याला ते त्याला नेहमी बघतात. हे त्यांनी आम्ही काही सुचवायच्या आधी, स्वतःहून सांगितलं. मला ही माहिती आमच्या फोटोपेक्षा कितीतरी मोलाची वाटली आणि मी ती वहीत त्यांच्या शब्दांत लिहून घेतली. तरीही आज सकाळी त्या फांदीवर कोण बसलं होतं, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

भाचा नाराज झाला. त्याला पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकायचं होतं. त्याच्या वयात मीही नाराज झाले असते. मग मी त्याला या पक्ष्याची सगळी गोष्ट सांगितली, कारण ती आपल्या शहाद्याची गोष्ट आहे आणि त्याला शाळेत कुणी सांगितलेली नाही. मी स्वतः शिक्षिका आहे, त्यामुळे याचं मला जास्तच वाटतं.

हा पक्षी विज्ञानाला पहिल्यांदा कळला तो १८७२ मध्ये मारलेल्या एका नमुन्यावरून. पुढच्याच वर्षी ह्यूम या इंग्रज पक्षी-अभ्यासकाने त्याचं वर्णन छापलं. तेव्हा पक्षी ओळखायची रीतच ती होती: बंदुकीने पाडायचा, कातडी सोलून आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. कुठे, कधी, कुणी. डेव्हिडसन नावाचा इंग्रज मुलकी अधिकारी खानदेशात होता. त्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत आपल्या याच शहादा-तळोदा पट्ट्यात रानपिंगळे मारून जमा केले. १८८४ नंतर खरा नमुना एकही नाही. सगळे मिळून सात. पक्षी संपला असं लोक धरून चालले.

मधे एक चिठ्ठी मात्र होती, १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची. माइनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातली. शेवटची नोंद तीच, म्हणून शोधणारे तिकडे शोधत राहिले. आणि ती चिठ्ठी खोटी होती. त्याने संग्रहालयातला डेव्हिडसनचा जुना नमुना चोरला, उसवून नव्याने भरला आणि स्वतःच्या नावाची, स्वतःच्या तारखेची चिठ्ठी बांधली. पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी तो नमुना तपासला तेव्हा आतली भरण्याची पद्धत डेव्हिडसनच्या हातची निघाली. मग मांडवी बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं शोधायचं ठरलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघं शहाद्याजवळ आले आणि त्यांना रानपिंगळा दिसला, उघड्या फांदीवर, दिवसाउजेडी. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी. आपला नंदुरबार जिल्हा तेव्हा झालाही नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. शहादा धुळ्यात होतं.

"म्हणजे डेव्हिडसनने खरं गाव लिहिलं नसतं तर?" भाच्याने विचारलं.

मी काही बोलले नाही. मामा म्हणाले, तर कदाचित आणखी बरीच वर्षं इथं कुणी आलंच नसतं, आणि तोवर हे जंगल किती उरलं असतं कोण जाणे. ते खरं आहे. सातपुड्याचा पायथा मी लहानपणापासून बघते आहे. सागाची कड दरवर्षी वर सरकते आणि खाली शेत येतं. नंतर मेळघाटात, यावल अभयारण्यात, ठाण्याच्या तानसात हा पक्षी सापडला, म्हणून त्याच्यावरचं संकट थोडं कमी मानलं जातं. तरी तो धोक्यात आहेच, आणि जिथं जुनी, ढोलीची झाडं उभी आहेत तिथंच तो राहतो. एखाद्या नाल्याला तो आहे असं कागदावर आलं तर त्या नाल्याची झाडं वाचवायला कुणाला तरी आधार मिळतो. तिथं नसताना आहे म्हणून लिहिलं तर पुढचा माणूस येऊन, बघून, सगळीच नोंद खोटी ठरवून जाईल. मला आज नाव न लिहिण्याचं दुःख आहे, खोटं कशाला सांगू. पण माझ्या सहीखाली जाणारी नोंद कुणी डोळे झाकून वापरावी एवढी ती पक्की हवी.

मामांनी दुपारी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: 'पिंगळा १. जात निश्चित नाही. दुर्बिणीशिवाय, उन्हाच्या विरुद्ध. शेपूट बाजूला झटकत होता. कोतवाल मागे लागलेले.' खाली तारीख, वेळ, नाल्याचं नाव. मग बाबांचं म्हणणं.

परत येताना म्हसावदला पिशवी घेतली. टपरीवाल्याने ती फडक्यात गुंडाळून साखरेच्या डब्यामागे ठेवली होती. पैसे घ्यायला तयार झाला नाही, चहाचे तेवढे घेतले.

पुढच्या शनिवारी रात्रीच पिशव्या भरायच्या आणि दुर्बीण मामांच्या गळ्यात घरातूनच अडकवायची असं ठरलं आहे. रविवारी उजाडायच्या आत नाल्यावर, यावेळी पूर्वेच्या काठाला, म्हणजे ऊन आमच्या पाठीशी येईल.

भाच्याने मघाशी ग्रुपवर वहीतल्याच ओळी टाकल्या, शब्द न बदलता. तीन-चार जणांनी लगेच लोकेशन मागितलं. त्याने मला विचारलं. हिवाळा हा रानपिंगळ्याच्या विणीचा काळ, आता ढोलीत पिल्लं असू शकतात. लोकेशन पाठवलेलं नाही.