परळ मतदारसंघ गेला कुठे?

"तू परळची ना, मग तुझ्या मतदार यादीवर शिवडी कसं काय?" ऑफिसात, लग्नात, निवडणूक आली की हमखास, हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की एकदाच नीट लिहून काढते. तुम्ही विचारलंत म्हणून.

सरळ उत्तर असं की परळ नावाचा विधानसभा मतदारसंघ आता नाहीये. २००४ ची निवडणूक ही त्याची शेवटची, २००८ मध्ये नवीन मतदारसंघ लागू झाले आणि २००९ ला आम्ही शिवडीचे मतदार म्हणून बूथवर गेलो. घर तेच, चाळ तीच, मतदान केंद्र पण तीच म्युनिसिपालटीची शाळा. नाव तेवढं गेलं.

पण हे एवढं सांगून माझं समाधान होत नाही, कारण त्या नावामागे काय काय झालंय ते माहीत असल्याशिवाय गेलं म्हणजे काय गेलं ते कळत नाही.

१९६७ ला परळमधून कॉम्रेड कृष्णा देसाई निवडून आले, कम्युनिस्ट पक्षाचे. गिरणगावात तेव्हा लाल बावट्याचा जोर होता, आणि देसाई हा मुळात वस्तीतला माणूस, आधी नगरसेवक होता, लोक रात्री-बेरात्री त्याच्याकडे जायचे. ५ जून १९७० च्या रात्री लालबागला त्यांचा खून झाला. माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, ते दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेला गेले होते आणि त्याबद्दल बोलताना म्हातारपणी सुद्धा त्यांचा आवाज बदलायचा. ते एवढंच म्हणायचे की रस्ता दिसत नव्हता, नुसती डोकी.

मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. एका बाजूला देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे वामनराव महाडिक. शिवसेना स्थापन होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. महाडिक १,६७९ मतांनी जिंकले आणि शिवसेनेला विधानसभेत पहिला आमदार मिळाला, तो आमच्या परळमधून. १,६७९ म्हणजे किती हो, आमच्याकडच्या दहा-बारा मोठ्या चाळी धरल्या तर तेवढे मतदार सहज भरतील. पण गिरणगावातला लाल रंग तिथून फिका व्हायला लागला असं बहुतेक जण मानतात आणि मलाही तसंच वाटतं.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगायचीये, कारण लोक समजतात की १९७० नंतर परळ म्हणजे कायम शिवसेना. तसं नाहीये. १९७२ ला सेनेचा एकच आमदार आला, प्रमोद नवलकर, आणि ते गिरगावातून. आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर १९८४ ला आमच्या भागाने, म्हणजे तेव्हाच्या मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघाने, त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवलं, ते पण इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेविरुद्ध. आमची माणसं कुणाच्या दावणीला बांधलेली नव्हती हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. त्यानंतर मात्र सेना इथे पक्की रुजली. आणि १९९२ ला परळचे आमदार विठ्ठल चव्हाण यांची पण हत्या झाली. एका छोट्याशा मतदारसंघाने आपले दोन आमदार असे गमावले.

आता मतदारसंघ का गेला ते. मतदारसंघांच्या सीमा लोकसंख्येवर ठरतात, आणि १९७६ नंतर जवळपास तीस वर्षं त्या तशाच होत्या. मग २००२ च्या कायद्याने न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग बसला आणि त्याने २००१ ची जनगणना धरून नकाशा नव्याने आखला. महाराष्ट्राच्या एकूण जागा २८८ च राहिल्या, पण मुंबई शहराच्या १७ होत्या त्या १० झाल्या आणि उपनगराच्या १७ च्या २६. परळ, दादर, नायगाव, माझगाव, चिंचपोकळी, माटुंगा, नागपाडा, उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, ही सगळी नावं एका फटक्यात यादीतून गेली. लालबाग-परळ शिवडीत आलं, लोकसभेला आम्ही दक्षिण मध्यमधून दक्षिण मुंबईत गेलो, म्हणजे थेट कुलाब्याच्या पंगतीत.

बरेच जण म्हणतात हे मराठी माणसाची ताकद तोडायला केलं. मला ते पटत नाही. आयोगाने माणसं मोजली आणि इथे माणसं कमी भरली, एवढंच. प्रश्न आहे तो कमी का भरली याचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, तो तसाच विरत गेला. घरं विकली, कोणी गावी कोकणात गेलं, कोणी विरार-नालासोपारा, कोणी डोंबिवली-बदलापूर. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले पण एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहायची तेवढी टॉवरमध्ये कुठून राहणार. ठाणे जिल्ह्याच्या जागा त्याच वेळी १३ वरून २४ झाल्या, त्यात नालासोपारा हा एक नवीन. म्हणून मी सांगते की परळची जागा कुणी चोरली नाही, ती आमच्या माणसांच्या मागोमाग गेली, फक्त जाताना नाव बदललं. आमच्यावर खरा अन्याय झाला तो त्याच्या वीस वर्षं आधी, रोजगाराचा आणि घराचा, आणि त्याच्याबद्दल कुठल्या आयोगाकडे दाद मागायची सोय नव्हती.

२००९ ला शिवडीतून मनसेचे बाळा नांदगावकर आले, जे आधी माझगावचे आमदार होते आणि त्यांचाही मतदारसंघ असाच गेलेला. २०१४ पासून अजय चौधरी आहेत. आता २०२६ नंतरची पहिली जनगणना झाली की पुन्हा परिसीमन होऊ शकतं, तेव्हा शिवडीचं काय होईल याची चर्चा आमच्या नाक्यावर आत्ताच चालू असते.

माझी आत्या १९८८ ला नालासोपाऱ्याला गेली. तिचं मत तिथेच आहे, तिथला आमदार, नगरसेवक तिला सगळे माहीत. तरी दर विधानसभेला अर्ज भरायची मुदत संपली की रात्री तिचा फोन येतो, "काय गं, आपल्या परळला कोण कोण उभं आहे?" मी तिला शिवडीची नावं वाचून दाखवते.