तुम्ही विचारलंत म्हणून: मुशियात एवढे काय आहे?

पुण्याचे नातेवाईक असोत वा माद्रिदमधले मराठी स्नेही, स्पेनमध्ये इतके काही असताना मी गालिसियातल्या मुशिया या पावसाळी कोळीगावातच पुन्हापुन्हा का जाते, हे विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. "तिथे शांत वाटते" हे माझे नेहमीचे उत्तर खरे नाही. अटलांटिकच्या तोंडावर असलेल्या त्या किनाऱ्याला बुडालेल्या जहाजांमुळे कोस्ता दा मोर्ते, म्हणजे मृत्यूचा किनारा, म्हणतात. आणि २००२ च्या नोव्हेंबरात ‘प्रेस्टिज’ हे तेलवाहू जहाज फुटले तेव्हा मुशियाचे खडक काळ्या चिकट तेलाखाली गेले होते.

गावात देखणे पुष्कळ आहे. खडकांवर लाकडी मांडव घालून काँग्रो, म्हणजे आपल्या वामेसारखा लांबट मासा, वाऱ्यावर वाळवतात, आणि वेसाव्याला बांबूंवर बोंबील पाहिलेल्या मला ते पाहून गहिवरून आले होते. पण मी जाते ती त्यासाठी नव्हे.

एका जानेवारीत, वारा अचानक फिरलेल्या संध्याकाळी, माझ्या घरमालकीणबाईंच्या मुलाची होडी परतली नव्हती. धक्क्यावर बायका उभ्या होत्या. कोणी रडत नव्हते, कोणी बोलतही नव्हते, सगळ्यांचे डोळे बंदराच्या तोंडाकडे लागले होते. सोबत म्हणून मी जवळ गेले, तेव्हा बाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुम्ही घरी जा. हे पाहण्यासारखे नाही." मी परत फिरले आणि खिडकीशी बसून राहिले. अंधार पडल्यावर होडी आली; मुलाचा हात मोडला होता, बाकी सगळे सुखरूप होते. सकाळी बाईंनी मला नेहमीसारखे बटाटे आणि पालेभाजीचे गरम काल्दो वाढले. हात बरा झाल्यावर तुम्ही त्याला पुन्हा जाऊ द्याल का, असे मी विचारले, तर त्या एवढेच म्हणाल्या, "मग तो काय करील?"

या गावाची ओढ माणसांच्या धैर्यात आहे, असे पूर्वी मी ठासून सांगत असे. आता त्या पूर्वीच्या मला मी विचारते, की ज्याला दुसरा पर्याय नाही त्याच्या जाण्याला धैर्य म्हणण्याचा अधिकार पाहुणीला कोणी दिला? त्यावर ती म्हणते, पर्याय नसतानाही माणसे मोडून पडतात, ही पडली नाहीत. तिचे म्हणणे मला खोडता येत नाही आणि पूर्ण पटतही नाही. त्या बाईंच्या घरी मात्र मी पुन्हा जाणार आहे, कारण समुद्राबद्दल माझ्याशी इतके खरे दुसरे कोणी बोललेले नाही.