आधी पाणी, मग काच

आमच्याकडे गॉगल घ्यायला आलेल्या माणसाला आम्ही पहिला प्रश्न पाण्याबद्दल विचारतो. गळ कुठे टाकता? खोल समुद्रात, खाडीच्या तोंडाशी, नदीच्या उथळ पात्रात की तळ्याच्या काठावर? पहाटे जाता की भर उन्हात? होडीत उभे राहता की काठावर बसता? फ्रेम कोणती हवी, हे सगळ्यात शेवटी. नव्या माणसाला ही उलटतपासणी वाटते, पण आमचा सगळा धंदा याच प्रश्नांवर उभा राहिला आहे.

सुरुवात नंबरच्या चष्म्यांपासून झाली. काचा आणायच्या, फ्रेमच्या मापाला घासायच्या, बसवून द्यायच्या. गिऱ्हाइकांत गळाने मासे धरणारे बरेच होते आणि त्यांचं गाऱ्हाणं एकच असायचं. चांगला काळाकुट्ट गॉगल घेतला, तरी पाण्यातलं काही दिसत नाही आणि संध्याकाळी डोकं ठणकतं.

असा गॉगल प्रकाश कमी करायचं काम चोख करतो. पण वरची चकाकी आणि खालचा मासा, दोन्ही तो सारखेच अंधुक करतो. चकाकी माशापेक्षा दहापट उजळ असेल, तर काळ्या काचेतूनही ती दहापटच राहते. एकटी चकाकीच अडवायची, तर पोलराइज्ड काच लागते. त्या गाऱ्हाण्यांमुळे आम्ही या काचांच्या मागे लागलो आणि मग हाच आमचा धंदा झाला.

यामागचं विज्ञान जुनं आहे. 1808 साली पॅरिसमध्ये मालूस हा फ्रेंच शास्त्रज्ञ एका राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेलं ऊन स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवला की त्यात दिसणाऱ्या प्रतिमा उजळतात आणि मंदावतात, हे त्याच्या लक्षात आलं. पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशाची कंपनं मुख्यतः एकाच दिशेत राहिलेली असतात, म्हणून असं होतं. यालाच ध्रुवीकरण म्हणतात, आणि पोलराइज्ड हा शब्द त्याचाच. हा परिणाम कोणत्या कोनात सर्वात जास्त, त्याचा नियम ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1815 मध्ये मांडला. पुढे एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने 1929 मध्ये ध्रुवीकरण करणाऱ्या प्लास्टिक पट्टीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आमच्या काचांत असते तशी, ताणलेल्या प्लास्टिकला आयोडीन दिलेली पातळ फिल्म हीसुद्धा त्याचीच देणगी. पाण्यावरून येणारी चकाकी मुख्यतः आडवी कंपत असते. फिल्म फक्त उभी कंपनं आत सोडते, म्हणून चकाकी बाहेर राहते आणि पाण्याखालचा प्रकाश डोळ्यात येतो.

ब्रूस्टरच्या नियमातून निघणारा एक साधा हिशोब आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. पाण्यापासून डोळ्यांची जितकी उंची, त्याच्या सुमारे 1.33 पट अंतरावर काच सर्वात चांगलं काम करते. डोळे दीड मीटर वर असतील तर दोन मीटरवर, तीन मीटर वर असतील तर चार मीटरवर. त्याच्या अलीकडे-पलीकडेही फायदा मिळतो, पण कमी कमी होत जातो. अगदी पायाखाली सरळ पाहिलं, तर परतणारा प्रकाश मुळातच सुमारे 2 टक्के असतो आणि त्याचं ध्रुवीकरणही झालेलं नसतं. तिथे ही काच साध्या काचेइतकीच. गॉगल चांगला असूनही दिसत नाही म्हणणाऱ्या कित्येकांचं काम दोन पावलं मागे सरकून झालं आहे. एक मात्र कोणताही गॉगल करू शकत नाही. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे वरून पाहताना मासा खऱ्या खोलीच्या साधारण तीन चतुर्थांश खोलीवर दिसतो. तो अंदाज ज्याचा त्यानेच बांधायचा.

कारखान्यात या फिल्मने आमची कामाची पद्धतच बदलली. साधी रंगीत काच फ्रेममध्ये थोडी फिरून बसली तरी कुणाला कळत नाही. पोलराइज्ड काच 10 अंश फिरली तर अडवायच्या चकाकीतली सुमारे 3 टक्के आत येते, 20 अंश फिरली तर जवळजवळ 12 टक्के. त्यातून एकच काच फिरलेली असेल, तर एका डोळ्याला चकाकी दिसते आणि दुसऱ्याला नाही. माणसाला कारण कळत नाही, पण तासाभरात डोळे शिणतात. म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही एक काळी, गुळगुळीत काच आडवी ठेवली आहे. तयार झालेला प्रत्येक गॉगल तिच्यासमोर धरायचा, एक काच हाताने झाकायची आणि खिडकीचं प्रतिबिंब पाहायचं. गॉगल हळूहळू फिरवला की प्रतिबिंब विरत जातं, एका क्षणी तिथे नुसती काळी काच उरते आणि पुढे फिरवलं की खिडकी परत उमटते. दोन्ही काचांत ती एकाच जागी नाहीशी झाली पाहिजे आणि तेव्हा फ्रेम सरळ आडवी असली पाहिजे. गोल फ्रेममध्ये काच आपोआप फिरण्याचा धोका जास्त, म्हणून मासेमारीसाठी गोल फ्रेम आम्ही देतच नाही. कितीही मागणी असली तरी नाही.

दुकानात खरी पोलराइज्ड काच ओळखायची असेल, तर दोन पोलराइज्ड गॉगल एकमेकांवर धरून एक 90 अंशांत फिरवा. जिथे दोन्ही काचा एकमेकांवर येतात, तो भाग जवळजवळ काळा झाला पाहिजे.

रंगाबद्दल आमचं मत ठाम आहे. उघड्या समुद्रात, खोल निळ्या पाण्यावर करडी काच. ती रंग बदलत नाही आणि दिवसभर सोसवते. उथळ पाण्यात, जिथे तळाचे दगड, शेवाळ आणि त्यावरून सरकणारी सावली टिपायची असते, तिथे तांबूस किंवा तपकिरी काच. ती निळा प्रकाश बराचसा गाळते, त्यामुळे तळापासून मासा उठून दिसतो. पहाटेच्या आणि ढगाळ प्रकाशासाठी पिवळसर. एकच गॉगल घेणार असाल, तर आम्ही तांबूस काच देतो. काचेवरचा बाहेरचा आरशासारखा लेप दिसायला छान असतो आणि आणखी थोडा प्रकाश परतवतो, पण त्याने पाण्यातलं जास्त दिसत नाही.

काच किती गडद हवी, यावरून सर्वात जास्त वाद होतात. आंतरराष्ट्रीय मानकात 0 ते 4 अशा श्रेणी आहेत. श्रेणी 3 मधली काच 8 ते 18 टक्के प्रकाश आत सोडते आणि भर उन्हातल्या पाण्यासाठी ती पुरते. श्रेणी 4 फक्त 3 ते 8 टक्के सोडते, आणि ती घालून वाहन चालवायला मनाई आहे. गिऱ्हाईक हटकून तीच मागतं, कारण जास्त काळी म्हणजे जास्त चांगली असा समज पक्का आहे. झाडीखालून वाहणाऱ्या ओढ्यात गळ टाकणाऱ्याला तर आम्ही 18 ते 43 टक्क्यांची श्रेणी 2 देतो. अतिनील किरणांचा गडदपणाशी संबंध नाही. 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडले पाहिजेत, मग काच फिकी असो वा गडद. गडद काच ते अडवत नसेल तर उलट वाईट. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. पाण्यावर वर्षानुवर्षं ऊन झेलणाऱ्यांच्या डोळ्यांत बुबुळाकडे सरकणारी मांसाची वाढ आम्ही समोर बसून पाहिली आहे. म्हणून या बाबतीत तडजोड नाही.

खनिज काच, म्हणजे प्लास्टिकची नसलेली खरीखुरी काच, नितळ असते, ओरखडे कमी पडतात, आणि तिच्यातून पाहण्याचं सुख वेगळंच. तरीही आम्ही ती बंद केली. गळ खडकात अडकतो, माणूस ओढतो, आणि सुटलेला गळ किंवा शिशाचा तुकडा थेट तोंडावर येतो. अशा वेळी डोळ्यापुढे पॉलीकार्बोनेट हे चिवट प्लास्टिक असावं. त्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून कडक लेप देतो आणि सोबत सूचना देतो: आधी गोड्या पाण्याखाली धरा, मग मऊ कापडाने पुसा. सदऱ्याच्या टोकाने पुसलं की वर सुकलेलं मीठच काच घासून काढतं. डासांसाठी अंगाला लावायच्या मलमात डीट हे डास पळवणारं रसायन असेल, तर हात धुतल्याशिवाय गॉगलला लावू नका. ते काही प्लास्टिकं खातं, त्यात पॉलीकार्बोनेटही आलं.

मधल्या काळात एका पुरवठादाराकडून आलेल्या काचांच्या थरांमध्ये कडेपासून बुडबुडे उठू लागले. फिल्म सुटत होती. खारं पाणी कडेतून शिरत होतं आणि बंद गाडीत तापलेल्या गॉगलांत ते आणखी वाढत होतं. आम्ही त्या खेपेतले विकलेले सगळे गॉगल परत मागवले आणि बदलून दिले. हाताशी असलेली पुंजी त्यातच गेली, वर्ष ओढाताणीचं गेलं. त्या वेळी एकाही कारागिराने साथ सोडली नाही, याचं मोल आम्हाला आजही वाटतं. तेव्हापासून प्रत्येक नव्या खेपेतल्या काही काचा मिठाच्या पाण्यात भिजवतो, उन्हात तापवतो आणि टिकल्या तरच बाकीच्या मशीनवर चढवतो.

फ्रेम चेहऱ्याला लपेटून बसणारी हवी. बाजूने आणि मागून शिरणारा उजेड काचेच्या आतल्या बाजूवर चमकतो आणि निम्मी मेहनत वाया घालवतो. मात्र जास्त नंबर असेल तर फार वळलेली काच कडेला दृश्य वाकवते. अशांना आम्ही कमी वळणाची फ्रेम आणि रुंद काड्या सुचवतो. स्प्रिंगची बिजागरी खाऱ्या हवेत गंजते, म्हणून साधी बिजागरी. आणि तरंगणारा पट्टा प्रत्येक गॉगलबरोबर देतोच, कारण पाण्यात पडलेला गॉगल बहुधा बुडतो.

होडीत मासे शोधायचं यंत्र असेल, तर ते घेऊन या असं सांगतो. काही पडदे पोलराइज्ड काचेतून एका कोनात पूर्ण काळे दिसतात. गॉगल घेण्याआधी हे कळलेलं बरं.

सध्या आमचा वेळ जातोय तो चाळिशी ओलांडलेल्यांसाठीच्या काचांवर. लांबचं पाणी लख्ख दिसतं, पण बारीक दोरीची गाठ मारताना हात लांब करावे लागतात. पोलराइज्ड काचेत खाली वाचनाचा छोटा नंबर बसवून दिला की गाठही दिसते. तो तुकडा किती खाली असावा, यावर अजून प्रयोग चालू आहेत. नेहमीच्या चष्म्यासारखा वर घेतला तर होडीच्या कडेचं पाणी धूसर होतं. फार खाली नेला तर गाठ बांधताना हनुवटी उचलावी लागते. म्हणून आता प्रत्येकाला काउंटरवर दोरी आणि गळ हातात देऊन गाठ मारायला सांगतो, आणि नजर जिथे पडते तिथे काचेवर पेनने खूण करतो.